पोळ्याला वॅगन आली

पोळ्याच्या दिवशी बैल जुंपत नाहीत, हे तुमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे; मग ते रेल्वेला का ठाऊक नसावे?

हा प्रश्न मी जालना स्टेशनच्या मालधक्क्यावर उभा राहून पहिल्यांदा विचारला, तेव्हा मालबाबूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "रेलवे के बैल नै होते, भाऊ." उत्तर बिनतोड होते. तरी मी प्रश्न मागे घेतलेला नाही. आज तो तुमच्यापुढे ठेवतो, आणि त्याच्यामागची हकिकतही सांगतो.

मी आमच्या गावच्या बागाईतदार मंडळाचा रवानगी कारकून आहे. गावाचे नाव लिहीत नाही, कारण या हकिकतीतल्या दोन्ही बाजूंची माणसे दिवाळी अंक वाचतात. जालना स्टेशनापासून कोसभरावर ते आहे, एवढे पुरे. रवानगी कारकून म्हणजे कोण, हे माझ्या आत्याला अजून कळलेले नाही. ती मला स्टेशनात नोकरी आहे असे लोकांना सांगते. तसे नाही. झाडावरचे मोसंबे आणि मुंबईत आजाऱ्याच्या उशाशी ठेवलेले मोसंबे यांच्या मधल्या वाटेवर जे काही घडते, ते माझे काम. पिकवणाऱ्यावर लोक कविता लिहितात. खाणाऱ्याला कवितेची गरज नसते. मधल्या वाटेवरच्या माणसाला मात्र दोन्हीकडून एकच प्रश्न येतो, "माल कुठे आहे?"

माझे शिक्षण पर्च्यांवर झाले. आमच्या वाचनालयात पुस्तके थोडी, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे यावर वाद. पर्चे मात्र संस्थानाच्या सरहद्दीपलीकडून येत, कधी तेलाच्या डब्यांना गुंडाळून, कधी साबणाच्या वड्यांखाली. सहकार, खादी, दारूबंदी, प्राणिदया, साधे लग्न; ज्या विषयावर सोळा पाने छापलेली मिळाली, तो माझा विषय झाला. गाव मला "पर्चेवाले भाऊ" म्हणते. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे हाक मारणाऱ्यावर अवलंबून असते.

धंद्याचे मूळ मात्र कोणत्याच पर्च्यात नव्हते. ते मालधक्क्यावर कळले. माल, गाडी आणि कागद, या तिघांची एका वेळी एका जागी गाठ घालून द्यायची, एवढेच ते आहे. ऐकायला सोपे वाटते. पण हे तिघे एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसतात. माल आला की गाडी नसते, गाडी आली की कागद नसतो. एका गृहस्थांनी लोखंडी नांगर मागवला होता. नांगर स्टेशनात उतरला, पण माल ताब्यात घेण्याची रेल्वेची पावती, म्हणजे बिल्टी, टपालात कुठेतरी अडकली. बिल्टीशिवाय नांगराला हात लावता येईना. ते बिचारे रोज येत, नांगराशेजारी बसून भाकरी खात आणि संध्याकाळी त्याचा निरोप घेऊन घरी जात. मालबाबूंना शेवटी इतकी दया आली की त्यांनी त्यांच्यासाठी तिथे एक बाकडे ठेवले. नांगर दिला नाही.

नांगर निदान कुजत नाही. मोसंबे तोडले की त्या घटकेपासून ते तुमच्याशी शर्यत लावते. त्यात आमची लाईन छोटी आणि मनमाडपासून पुढची मोठी. छोट्या लाईनीची वॅगन मोठीवर चालत नाही, म्हणून मनमाडला प्रत्येक करंडी एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात रचायची. वाटेत एवढ्या जागा आहेत आणि प्रत्येक जागी उशीर तयार बसलेला आहे.

पूर्वी हे सगळे एक शेटजी करीत. ते आणि मुंबईचा दलाल रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरवीत. आणि ज्याची बाग तो समोर बसून रुमालाकडे पाहत राही. आपल्या वर्षभराच्या घामाचे काय ठरले, हे त्याला रुमाल उचलल्यावर कळे. या रुमालाविरुद्ध मी स्वतः एक पर्चा लिहिला आणि बागवाल्यांनी मंडळ काढले, आपला माल आपण थेट मुंबईला पाठवायचा म्हणून. अध्यक्ष कोण, यावर ते तिथेच मोडायला आले होते. आमच्या गावात पाटलांच्या दोन पात्या, म्हणजे एकाच घराण्याच्या दोन शाखा, आहेत. थोरलीचे आबा पाटील, धाकटीचे तात्या पाटील. एक पूर्वेला तोंड करून बसला तर दुसरा दिवसभर पश्चिमेकडे पाहतो. शेवटी दोन्हीकडची नसलेली, सगळ्यांत मोठी बाग असलेली आणि सगळ्यांत तिखट जिभेची म्हणून गोदाक्का अध्यक्ष झाली. संस्थानात बाई अध्यक्ष असलेली दुसरी मंडळे किती होती, मला ठाऊक नाही. असती तर पर्चा आला असता.

गेल्या सालच्या पोळ्याची ही गोष्ट. लढाई संपली होती, पण वॅगनची टंचाई संपली नव्हती. आमचा अर्ज पडून होता. मालबाबूंनी "एक-दो रोज में" असे छातीठोक सांगितले, तेव्हा मोसंबी तोडली, गवत घालून करंड्यांत बसवली आणि गोदाक्काच्या मळ्यातल्या छपरात रचली. एक-दोन रोज गेले. आणखीही गेले. आणि पोळ्याच्या सकाळी वॅगन आली.

"शाम की मालगाडी को लगेगी," मालबाबू म्हणाले. "भरना है तो भरो. नै तो अगले का नंबर."

अगला म्हणजे शेटजीच. त्यांचे मुनीमजी आपल्या मालाच्या ढिगावर बसून पंख्याने वारा घेत होते. त्यांचा माल काल संध्याकाळीच धक्क्यावर येऊन पडला होता. वॅगन आज येणार, हे त्यांना कसे कळले, हा प्रश्न मी वेगळ्या पर्च्यासाठी राखून ठेवला आहे.

"पर्चेवाले," मुनीमजी गोडीने म्हणाले, "सणावारी कशाला तकलीफ? आमची लॉरी पाठवू का? अर्धा माल आमच्या नावावर करा, बाकीचा तुमचा."

त्यांची लॉरी कोळशाच्या धुरावर चालत असे आणि चढ आला की उतारू उतरून ढकलत. पण प्रश्न लॉरीचा नव्हता. वॅगन हातची गेली असती तर आमचा नंबर यादीच्या शेवटी गेला असता, तोडलेली मोसंबी संध्याकाळपर्यंत रुमालाखाली गेली असती, आणि मंडळ नावाची वस्तू फक्त माझ्या पर्च्यात उरली असती. मी नको म्हणालो आणि गावाकडे धावत सुटलो.

पोळ्याला हिंदू गाडीवान गाडी जुंपणार नाहीत हे मला ठाऊक होते. म्हणून मी सरळ बाबूमियांकडे गेलो. बाबूमिया गाडीवानांचे मुकादम. माल वेळेवर पोचवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पाहतो तर दारात त्यांची जोडी उभी. शिंगांना बेगड, अंगावर गेरूचे ठसे, गळ्यात नव्या घुंगरमाळा, आणि बाबूमिया एका बैलाला आरसा दाखवत होते.

"बाबूमिया, तुम्ही पण?"

"म्हंजी काय? बैल हाये ना आमच्याकडं."

"पण पोळा तर..."

"पोळा बैलाचा हाये, भाऊ. मालक नमाज पढतो का हरिपाठ म्हणतो, त्याचं त्याला काय?" ते माझ्याकडे वळले. "काल खांदं मळलं. लोणी-हळद लावली. कानात आवतन देलं, उद्या जेवाया या म्हणून. आता जेवायच्या टायमाला सांगू, चला ठेसनाला? बिलकुल न्हाई होणार."

मी त्यांना सांगितले की रूढीपेक्षा गरज मोठी असते. ते म्हणाले, "मागल्या साली तुम्हीच पर्चा वाटला ना, मुक्या जनावराला आठवड्यातून एक दिवस विश्रांती द्या म्हणून? मी तो बैलांना वाचून दाखवल्ता."

प्राणिदयेचा पर्चा सहकाराच्या पर्च्यावर असा चालून येईल, असे मला कधी वाटले नव्हते. मी तिथेच ओट्यावर बसलो. टांगे सगळे पोळा पाहणारे लोक घेऊन खेड्यांत गेलेले. ओढ्याला पाणी आल्यामुळे गावाबाहेरून स्टेशनला जाणारी वाट बंद. बाबूमियांनी आरसा खाली ठेवला.

"माझा खांदा घ्या," ते म्हणाले. "बैलाचा मागू नका."

गोदाक्काला हे सांगितले तेव्हा ती मोसंब्यांवर पाणी शिंपडत होती. तिने पदर खोचला. "मंग बसला काय? दोन पायांचे बैल गोळा करा. सालभर त्यांच्या जीवावर खाता, एक दिवस ओढा म्हनावं."

त्यावर दहा-बारा गाड्या भरल्या आणि माणसे जुंपली. गोदाक्काचा जावई, तिचे दोन पुतणे, बागेतले गडी, बाबूमिया आणि मी. पहिल्या गाडीचे जू माझ्या आणि बाबूमियांच्या खांद्यावर होते. जू लाकडाचे असते हे मी ऐकून होतो. ते हाडावर टेकते तेव्हा खरी माहिती होते. बाबूमिया वाटभर मला सूचना देत होते. "खांदा वाकडा करू नका. दम एकदम सोडू नका. आन् भाऊ, बैल चालताना बोलत न्हाई."

मळे गावाच्या एका अंगाला, स्टेशनची सडक दुसऱ्या अंगाला, आणि मध्ये गावाची वेस. वेशीवर आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले आणि त्याखाली अख्खा गाव. हलगी वाजत होती, बैल सजून रांगेत उभे होते, आणि सगळे जिथल्या तिथे थांबले होते. कारण मानाचा बैल पहिला जाऊन तोरण तोडतो. मान थोरल्या पातीचा की धाकट्या पातीचा, हा वाद त्या सालीही सकाळपासून रंगला होता.

आबा पाटलांनी आमच्या गाड्या पाहिल्या आणि काठी आडवी धरली. "थांबा. मानाच्या बैलाआधी जुंपलेलं काही येशीतून जात न्हाई."

"आबा, ही माणसं आहेत," मी म्हणालो.

"जुंपलेली हायेत का न्हाईत?"

मी मदतीसाठी तात्या पाटलांकडे पाहिले. आबा बोलले की तात्यांनी विरुद्ध बोलायचे, हा आमच्या गावात सूर्य उगवण्याइतका भरवशाचा नियम होता. तात्या म्हणाले, "हे मातर आबा बराबर बोलून राह्यले."

मला कळते तेव्हापासून दोन्ही पात्या पहिल्यांदाच एका मताच्या झाल्या, आणि त्या आमच्याविरुद्ध झाल्या.

मी जू खाली ठेवून गाडीच्या चाकावर चढलो आणि भाषण केले. रुमाल, शेटजी, सहकार, सगळे त्यात होते. हलगीवाल्यांनी एक ठोकाही चुकवला नाही. खाली उतरलो तेव्हा दिवस कलायला लागला होता आणि वरच्या करंड्यांना ऊन लागत होते. मग पर्च्यांची जुनी खोड कामी आली. प्रत्येक पर्चा सुरुवातीला विचारतो, अमुक म्हणजे काय? मी विचारले, "जुंपणं म्हणजे काय?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. ही गोष्ट कोणी कधी विचारली नव्हती. सगळ्यांचे डोळे म्हाताऱ्या दगडूबा सुताराकडे गेले. गावातली सगळी जुवे त्याच्या हातची.

"जू मानंवर पडलं, म्हंजी जुंपलं," दगडूबा म्हणाला.

"आणि हातात धरलं तर?"

दगडूबाने तंबाखू मळता मळता विचार केला. "हातात धरलं तर नुसतं लाकूड."

आबांनी तात्यांकडे पाहिले. तात्यांनी तोरणाकडे पाहिले. मग आबांनी आडवी काठी खाली घेतली. आम्ही जुवे खांद्यावरून काढून हातांत धरली. पण खांद्याशिवाय गाडी हलेना. दोघांनी जू तोलून धरायचे आणि मागून चार-पाच जणांनी ढकलायचे, तर एवढी माणसे आणायची कुठून?

तेव्हा गोदाक्का पुढे झाली. ती कोणाशीच बोलत नव्हती, नुसती मोठ्याने विचार करत होती. "थोरल्या पातीच्या पोरांत लई दम हाय म्हंत्यात. एक-दोन गाड्या ठेसनापर्यंत ढकलतीन बी. धाकटी पाती बसंल मंग हलगी ऐकत."

तात्यांचा पोरगा कुस्ती खेळणारा. त्याने फेटा काढून फेकला आणि सरळ दुसऱ्या गाडीला भिडला. ते पाहून थोरल्या पातीची पाच पोरे पहिल्या गाडीला लागली. मग काही सांगावे लागले नाही. वेशीतून गाड्या अशा सुटल्या की जू हातात धरलेला मी गाडी नेत आहे की गाडी मला नेत आहे, हे समजेना. मागे आबा ओरडत होते, "आरं, मोसंबी हाये ती, ज्वारी न्हाई." पण त्यांचाही आवाज धावत होता.

वेशीवर आता म्हातारी माणसे, बाया आणि बैल एवढेच उरले. बाबूमियांची जोडी त्यांच्या बायकोच्या हाती होती. त्यांतल्या धाकट्या बैलाला मघापासून आंब्याची पाने दिसत होती. तो शांतपणे पुढे गेला आणि त्याने तोरण खाल्ले. त्या सालचा मान अशा रीतीने बाबूमियांच्या घरी गेला. गंमत अशी की दोन्ही पात्यांनी ते खुशीने मान्य केले. दुसऱ्या पातीला मिळाला नाही, यात प्रत्येकाला आपली जीत दिसत होती.

स्टेशनात आमची वरात शिरली तेव्हा मुनीमजींचा पंखा थांबला. "बैल कुठंत तुमचे?"

"जेवायला बसलेत," बाबूमिया धापा टाकत म्हणाले.

करंड्या चढल्या. मालबाबूंनी बिल्टी फाडून दिली. दार मात्र पक्के बंद करायला निघाले. बंद डब्यात मोसंबी उकडून निघतात, म्हणून आम्ही दाराला बांबूची तट्टी बांधणार होतो. "खुला माल नै जाता," ते म्हणाले. मी म्हणालो, मी स्वतः आत बसून जातो. त्यांनी मला खालीवर पाहिले, "चलो, तुम को कोई चोरी नै करेगा," असे म्हणाले आणि हिरवे निशाण दाखवायला सांगितले. गाडी हलली तेव्हा फलाटावर दोन्ही पात्यांची पोरे शेजारी शेजारी उताणी पडली होती. मागाहून कळले की गोदाक्काने गावात नेऊन सगळ्यांचे खांदे लोणी-हळदीने मळले आणि जेवायला घातले. बैलांच्या पंगतीनंतर.

मनमाडला हमाल करंड्या फेकत होते. मी त्यांना फळांच्या नाजूकपणावर दोन शब्द सांगू लागलो, तर एक जण म्हणाला, "भाषण करा ना, पण हातात करंडी घेऊन करा." मी तसे केले. माझे आजवरचे सगळ्यांत परिणामकारक भाषण तेच.

माल मुंबईला पोचला आणि उघड्यावर, बोलून, रुमालाशिवाय विकला गेला. सगळा चांगला निघाला असे मात्र लिहिता येत नाही. शर्यतीतल्या पहिल्या दोन गाड्यांची मोसंबी ठेचली होती. जास्त कोणाची, हा वाद आता मानाच्या बैलाच्या वादाच्या जागी बसला आहे. मंडळ टिकले. या साली बागा वाढल्या. दोन्ही पात्या वर्गणीदार आहेत. रेल्वेने आमचा नंबर वर ठेवला आहे. माल आहे, गाडी आहे, कागद आहे.

करंड्या नाहीत.

माल पोचवायच्या धांदलीत त्या परत कशा आणायच्या, हा विचार आम्ही कोणी केलाच नाही. मोसंबी मुंबईला गेली ती करंड्यांत बसून, आणि करंड्या तिकडेच राहिल्या. या साली बुरुडाकडे बांबू येत नाही. करंड्यांनी भरलेली वखार जालन्यात एकच आहे, ती शेटजींची. आणि मुनीमजी त्या आनंदाने देतील, रुमाल अंथरून. मृगाचा बहर झाडावर आहे. होळीच्या सुमारास उतरेल. तोवर करंड्या आल्या नाहीत तर बागवाले पुन्हा त्या रुमालासमोर जाऊन बसतील.

तेव्हा मुंबई-पुण्याच्या वाचकांनो, हा अंक खाली ठेवा आणि घरात पाहा. माळ्यावर, मोरीजवळ, कोळशाच्या कोपऱ्यात बांबूची एक करंडी असेल. तिच्या तळाला गेरूचा ठसा असेल तर ती आमची आहे. तिच्यात कांदे असतील तर ओता. मांजरीची पिल्ले असतील तर त्यांना डोळे उघडू द्या. मग एकात एक घालून, सुतळीने बांधून, जालन्याकडे येणाऱ्या कोणाही माणसाच्या हाती द्या. जालना स्टेशनच्या मालधक्क्यावर एक बाकडे आहे. त्यावर ठेवायला सांगा. मी रोज पाहतो.